नियमांचे राज्य आणि दादासाहेब मावळंकर

लोकसभेचे पहिले सभापती कोण, या प्रश्नाचे उत्तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पहिले राष्ट्रपती, पहिले पंतप्रधान आणि त्यांच्या पाठोपाठ पहिले सभापती, अशी ती यादी सामान्यज्ञानाच्या पुस्तकात छापलेली असते. विद्यार्थी गणेश वासुदेव मावळंकर हे नाव पाठ करतात, उत्तरपत्रिकेत लिहितात आणि विसरून जातात. त्यांचे तैलचित्र संसदेत आहे, त्यांच्या नावाचे सभागृह दिल्लीत आहे. परंतु त्यांनी संसदेला जी एक सवय लावून दिली, तिची आठवण फारशी कोणी काढीत नाही. आपल्या नावाने दुसऱ्याने केलेला नियम आपण वाचून पाहण्याची ती सवय होय. शिक्षक, कारकून, कामगार आणि शेतकरी यांच्या रोजच्या जीवनाशी तिचा किती निकटचा संबंध आहे, हे पाहण्यासाठी दिल्लीला जावयास नको. नाशिकजवळचे अंबड त्यासाठी पुरेसे आहे.

एके काळी शेतीवाडीचे असलेले हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. हे रूपांतर ज्या कायद्याच्या आधारे झाले, तो महाराष्ट्र औद्योगिक विकास अधिनियम विधिमंडळाने १९६१ साली संमत केला आणि १ ऑगस्ट १९६२ रोजी औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. गावोगावची औद्योगिक क्षेत्रे अधिनियमात नोंदलेली नव्हती. कोणते क्षेत्र औद्योगिक ठरवावयाचे आणि कोणती जमीन संपादन करावयाची, हे राजपत्रात अधिसूचना प्रसिद्ध करून ठरविण्याचा अधिकार विधिमंडळाने शासनाकडे सोपविला होता. शेताचे भवितव्य बदलणारा कागद अशा रीतीने विधानसभेच्या चर्चेतून येत नाही, तो शासनाच्या विभागातून निघतो.

शेताच्या जागी कारखाना उभा राहिला तरी गोष्ट तीच. १९४८ साली कारखाने अधिनियम झाला. कारखान्यात पुरेसा उजेड असावा, हवा खेळती असावी, असे त्यात सांगितले होते. पुरेसा म्हणजे किती, याची प्रमाणे विहित करण्याचे काम मात्र राज्य शासनाकडे दिले होते आणि त्यातून १९६३ चे महाराष्ट्र कारखाने नियम आले. कारखान्याच्या धुराड्यातून आणि नळातून काय बाहेर पडावे, याचीही तीच कथा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाची कलमे मुळात अवघी २६ होती. प्रदूषणाची प्रमाणे, घातक कचऱ्याची विल्हेवाट, प्रकल्पांना लागणारी पूर्वमंजुरी, हे सर्व त्याखालच्या नियमांतून आणि अधिसूचनांतून आलेले आहे. थोडक्यात, नागरिकाला कायद्याचे नाव ठाऊक असते, पण त्याच्या दारात येतो तो नियम.

यात मुळातच काही गैर आहे, असे नाही. प्रत्येक यंत्राच्या संरक्षक जाळीची लांबीरुंदी लोकसभेने ठरवावी, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. विधिमंडळाला तेवढा वेळ नसतो, तेवढे तांत्रिक ज्ञान नसते आणि परिस्थिती बदलेल तसा कायदा बदलीत बसणे शक्यही नसते. म्हणून विधिमंडळ तत्त्व सांगते आणि तपशील भरण्याचा अधिकार शासनाला देते. अशा तपशिलांना, म्हणजे नियम, विनियम, आदेश आणि उपविधी यांना मिळून उपविधान म्हणतात. प्रश्न एवढाच उरतो, की अधिकार दिल्यावर त्याचा हिशेब कोणी मागावयाचा? स्वतंत्र भारताच्या संसदेत या प्रश्नाला संस्थेचे रूप देणारा पुरुष म्हणजे दादासाहेब मावळंकर.

कोकणातून अहमदाबादेस

मावळंकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर भागातल्या मावळंगे गावचे. त्यांचा जन्म मात्र २७ नोव्हेंबर १८८८ रोजी बडोद्यास झाला. राजापूर आणि मुंबई इलाख्यातील इतर ठिकाणी त्यांचे आरंभीचे शिक्षण झाले आणि १९०२ साली ते पुढील शिक्षणासाठी अहमदाबादेस गेले. तेच शहर पुढे त्यांची कर्मभूमी ठरले. गुजरात कॉलेजातून १९०८ साली ते विज्ञान घेऊन पदवीधर झाले, वर्षभर त्याच महाविद्यालयात दक्षिणा फेलो होते आणि नंतर मुंबईच्या सरकारी विधी विद्यालयातून १९१२ साली पहिल्या वर्गात उत्तीर्ण झाले. १९१३ पासून त्यांनी अहमदाबादेत वकिली सुरू केली. मराठी घरातला हा तरुण गुजरातच्या सार्वजनिक जीवनात इतका मिसळून गेला, की त्याचे मराठीपण महाराष्ट्राने आणि त्याचे परकेपण गुजरातने, दोघांनीही लक्षात ठेवले नाही.

वकिलीत जम बसत असतानाच सार्वजनिक कामाने त्यांना ओढून घेतले. गुजरात सभेचे चिटणीस या नात्याने १९१८ च्या खेडा सत्याग्रहाशी त्यांचा संबंध आला. गांधीजी आणि वल्लभभाई पटेल यांचा सहवास तेथूनच दृढ झाला. असहकाराच्या काळात ते गुजरात प्रांतिक काँग्रेसचे चिटणीस होते. १९२७ साली गुजरातेत महापूर आला, तेव्हा मदतकार्यात ते पुढे होते. सविनय कायदेभंगात आणि पुन्हा १९४२ च्या आंदोलनात त्यांनी तुरुंगवास भोगला. तुरुंगात भेटलेल्या गुन्हेगार कैद्यांच्या हकीकती त्यांनी पुढे गुजरातीत पुस्तकरूपाने लिहिल्या. मानवतेचे झरे, अशा अर्थाचे त्या पुस्तकाचे नाव आहे. शिक्षा झालेल्या माणसाकडेही माणूस म्हणून पाहणारी ही दृष्टी होती. कायद्याच्या कागदापलीकडे ज्याच्यावर तो लागू होतो तो माणूस असतो, याचे भान तिच्यात आहे.

त्यांच्या घडणीतला याहून महत्त्वाचा आणि बहुधा दुर्लक्षित भाग म्हणजे अहमदाबादची नगरपालिका. १९१९ साली ते प्रथम निवडून आले आणि मधली काही वर्षे सोडता १९३७ पर्यंत सभासद राहिले. १९३० ते १९३३ आणि पुन्हा १९३५-३६ या काळात ते नगराध्यक्ष होते. ज्याला कायद्याचा आणि नागरिकाचा प्रत्यक्ष सांधा पाहावयाचा आहे, त्याने नगरपालिकेत बसावे. तेथे पाणी, गटार, घरबांधणी, बाजार यांचे उपविधी होतात आणि ज्याला त्यांचा जाच होतो तो नागरिक दुसऱ्या दिवशी दारात उभा राहतो. शिवाय नगरपालिकेने केलेले उपविधी वरच्या शासनाच्या मंजुरीवाचून अमलात येत नसत. नियम करणाऱ्याचेही कोणी तपासणारे असते आणि असावे, हा धडा मावळंकरांना पाठ्यपुस्तकातून शिकावा लागला नाही.

मुंबई विधानसभेच्या आसनावर

१९३७ साली प्रांतिक स्वायत्तता आली. मावळंकर अहमदाबाद शहरातून मुंबई विधानसभेवर निवडून आले आणि तिचे सभापती झाले. बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ तेव्हा अधिकारावर होते, तर समोरच्या बाकांवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसारखा कायद्याचा प्रकांड पंडित बसला होता. १९३८ च्या औद्योगिक कलह विधेयकावरून या सभागृहात कडाक्याचा वाद झाला आणि त्याचे पडसाद गिरणगावात संपाच्या रूपाने उमटले. सत्तेवर आपलाच पक्ष असताना विरोधकाला त्याचे म्हणणे पुरेपूर मांडू देणे, ही सभापतीची पहिली कसोटी असते. मावळंकरांची संसदीय तालीम अशा सभागृहात झाली. १९३९ च्या अखेरीस काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि कामकाज थांबले, तरी सभापतिपद १९४६ पर्यंत त्यांच्याकडेच राहिले.

२४ जानेवारी १९४६ रोजी दिल्लीच्या मध्यवर्ती विधानसभेच्या अध्यक्षपदाची निवडणूक झाली. सर कावसजी जहांगीर यांच्यासारखा सरकारचा पाठिंबा असलेला उमेदवार समोर असताना मावळंकर अवघ्या तीन मतांनी विजयी झाले. ज्या सभागृहाचे ते अध्यक्ष झाले, त्याची अवस्था मोठी विचित्र होती. महायुद्ध संपले होते, पण युद्धकाळात लागलेली राज्यकारभाराची सवय सुटलेली नव्हती. भारत संरक्षण अधिनियमाच्या एका छत्राखाली असंख्य नियम निघाले होते. धान्य, कापड, रॉकेल, घरभाडे, छापखाना, प्रवास, सर्वांवर हुकमांचे राज्य होते. रेशनच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला आपण कोणत्या कायद्याने उभे आहोत हे ठाऊक नसे. कोणत्या तरी आदेशाने उभे आहोत, एवढेच तो जाणत असे. त्याच महिन्याच्या १२ तारखेला मोठ्या रकमेच्या नोटा रद्द करण्यात आल्या, त्याही वटहुकमाने. जनतेच्या खिशाला हात घालणारा एवढा मोठा निर्णय विधिमंडळाला न विचारता होऊ शकतो, हे नव्या अध्यक्षांना पदावर येता येताच दिसले असले पाहिजे.

परक्या सत्तेच्या राज्यात याचे नवल नव्हते. नवल आणि धोका पुढेच होता. स्वातंत्र्य आले, तरी टंचाई गेली नाही आणि १९४६ चा आवश्यक पुरवठा अधिनियमही लगेच गेला नाही. नियंत्रणे राहिली, परवाने राहिले आणि त्यांच्याबरोबर अधिकाऱ्याच्या सहीने निघणारे आदेशही राहिले. राज्य आपले झाले म्हणून हुकूम आपोआप लोकशाहीचा होत नाही.

प्रश्न आणि त्याची उत्तरे

हा प्रश्न केवळ भारताचा नव्हता. खुद्द इंग्लंडात सरन्यायाधीश लॉर्ड ह्यूअर्ट यांनी १९२९ साली एक ग्रंथ लिहून नोकरशाहीच्या या वाढत्या विधायक सत्तेवर कोरडे ओढले. त्यानंतर नेमलेल्या डोनमोर समितीने १९३२ साली असा निष्कर्ष काढला, की उपविधान टाळता येणार नाही, पण त्यावर संसदेची देखरेख मात्र हवी. त्या शिफारशीला प्रत्यक्ष रूप यावयास युद्ध उजाडावे लागले. कॉमन्स सभेने १९४४ साली नियम तपासणारी समिती नेमली.

भारतात न्यायालयांपुढेही हा वाद आला. दिल्ली कायदे प्रकरणी राष्ट्रपतींनी सर्वोच्च न्यायालयाचे मत मागविले, तेव्हा १९५१ साली सात न्यायमूर्तींनी आपापली स्वतंत्र मते लिहिली. त्या सर्वांतून हाती लागणारे सूत्र असे, की विधिमंडळाने धोरण स्वतः ठरविले पाहिजे. तपशील सोपविता येईल, कायद्याचा आत्मा सोपविता येणार नाही. परंतु न्यायालय नियमाची वैधता पाहते, त्याचे शहाणपण पाहत नाही. आणि न्यायालयात जाण्यासाठी पैसा व धीर दोन्ही लागतात. ते प्रत्येक कारकुनाजवळ असतातच असे नाही. म्हणून देखरेखीची पहिली जागा न्यायालय नव्हे, सभागृहच होय.

एप्रिल १९५० मध्ये अस्थायी संसदेत बोलताना, कायदेमंत्री असलेल्या डॉ. आंबेडकरांनीच अशा समितीची कल्पना मांडली. शासनाने केलेले नियम मूळ कायद्याच्या हेतूबाहेर जातात काय, मूलभूत तत्त्वांना बाध आणतात काय, हे पाहून सभागृहाच्या नजरेस आणून देणारी स्थायी समिती असावी, असे त्यांचे म्हणणे होते. स्वतः मंत्री असताना मंत्र्यांच्या हातातील अधिकारावर पहारा बसविण्याची सूचना करणे, हे मुंबईच्या जुन्या विरोधी पक्षनेत्याला शोभणारेच होते. मुंबईच्या सभागृहात एक आसनावर आणि एक समोरच्या बाकावर असलेले हे दोन पुरुष दिल्लीत एकाच कामाच्या दोन टोकांना आले. कल्पना उचलून धरून तिला कामकाजाच्या नियमांत बसविणे, हे सभापतींचे काम होते आणि मावळंकरांनी ते केले.

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीनंतर १५ मे रोजी लोकसभेने आपला सभापती निवडला. मावळंकरांच्या विरुद्ध उभे होते शेतकरी कामगार पक्षाचे शंकर शांताराम मोरे. ३९४ विरुद्ध ५५ अशा मतांनी मावळंकर निवडून आले. काँग्रेसचे बहुमत प्रचंड होते, विरोधी पक्ष विखुरलेले होते. अशा सभागृहात सरकारला जाब विचारण्याची यंत्रणा उभारण्याची निकड कोणालाच भासत नाही. बहुमतवाल्यांना ती नको असते आणि अल्पमतवाल्यांच्या हाती ती नसते. मावळंकरांनी हीच वेळ त्यासाठी निवडली. १९५० साली अंदाज समिती आलेली होती. १ डिसेंबर १९५३ या एकाच दिवशी त्यांनी दोन समित्या नेमल्या. मंत्र्यांनी सभागृहात दिलेली आश्वासने पाळली जातात की नाही, हे पाहणारी एक आणि शासनाने केलेले नियम तपासणारी उपविधान समिती ही दुसरी.

या दुसऱ्या समितीची रचना पाहण्याजोगी आहे. सदस्य सभापतींनी नेमावयाचे, मंत्र्याला तिच्यात स्थान नाही आणि पहिल्या अध्यक्षपदी आले हिंदुमहासभेचे खासदार व नामवंत कायदेपंडित निर्मलचंद्र चॅटर्जी, म्हणजे विरोधी बाकांवरचा माणूस. समितीने नियमात काय शोधावयाचे, त्याचीही रीतसर यादी आहे. नियम मूळ कायद्याच्या हेतूशी जुळतो काय. जी गोष्ट खुद्द कायद्यात हवी ती नियमात दडविली आहे काय. त्यातून कर बसतो काय. न्यायालयाचा दरवाजा बंद होतो काय. कायद्याने परवानगी दिलेली नसता तो मागील तारखेपासून लागू केला आहे काय. दिलेल्या अधिकाराचा अनपेक्षित वापर झाला आहे काय. प्रसिद्ध करण्यात किंवा सभागृहापुढे ठेवण्यात अकारण विलंब झाला आहे काय. आणि त्याची भाषा तरी कळते काय. या यादीत पक्षाचे राजकारण कोठेही नाही. ती एखाद्या काटेकोर वकिलाने लिहिलेल्या तपासणीच्या टिपणासारखी आहे. विधेयकाबरोबर, त्यातून शासनाला नियम करण्याचे कोणते अधिकार मिळणार आहेत याचे निवेदन जोडले पाहिजे, अशीही तरतूद लोकसभेच्या नियमांत आहे.

वटहुकमांविषयीचा आग्रह

नियमाहूनही मोठा अधिकार वटहुकमाचा. मावळंकरांची त्याविषयीची भूमिका त्यांच्या पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. १९५० च्या नोव्हेंबरात त्यांनी संसदीय कामकाजमंत्र्यांना आणि १९५४ च्या जुलैत खुद्द पंतप्रधान नेहरूंना लिहिले. वटहुकमाची पद्धत मुळातच लोकशाहीशी विसंगत आहे. अत्यंत निकडीच्या प्रसंगीच तिचा अवलंब व्हावा. आपल्यामागे बहुमत आहे म्हणून सभागृहाला गृहीत धरू नये. आज पडलेला पायंडा उद्या येणाऱ्यांच्या हाती शस्त्र होईल, असा त्यांचा आशय होता. सरकारपक्षाची अडचणही खोटी नव्हती. संसदेचे कामकाज मंद होते आणि राष्ट्रापुढील कामे उतावीळ होती. परंतु सभापतींनी सोय आणि तत्त्व यांत तत्त्वाची बाजू घेतली, आणि तीही ज्या पक्षाच्या बळावर ते निवडून आले त्याच पक्षाच्या सरकारपुढे.

याचा अर्थ विरोधकांना ते नेहमीच निःपक्षपाती वाटले, असा नव्हे. सभापती झाल्यावरही त्यांनी काँग्रेसशी नाते तोडले नव्हते आणि त्याबद्दल टीका होत असे. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेत चर्चेला आला. लोकसभेच्या सभापतीविरुद्धचा तो पहिलाच ठराव. उपसभापती अनंतशयनम् अय्यंगार आसनावर होते. ठराव फेटाळला गेला. सभापतींविषयी आदर असूनही सभागृह त्यांना जाब विचारू शकते, हे मात्र त्या दिवशी सिद्ध झाले. ज्याने सरकारला हिशेब द्यावयास लावण्याची घडी बसविली, त्याला स्वतःलाही सभागृहाच्या कसोटीवर उतरावे लागले, यात वावगे काही नाही.

१९५६ च्या आरंभी त्यांच्या हृदयाने दगा दिला आणि २७ फेब्रुवारी १९५६ रोजी अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. वय ६७ वर्षांचे होते. उपविधान समितीला तेव्हा सव्वादोन वर्षेच झाली होती.

वारशाचे काय झाले?

त्यांनी लावलेले रोप वाढले, हे नाकारता येणार नाही. राज्यसभेने १९६४ साली आपली स्वतंत्र समिती नेमली. राज्यांच्या विधिमंडळांतही अशा समित्या आल्या, महाराष्ट्रातही आहे. नियम केल्यावर तो ३० दिवस सभागृहापुढे ठेवावा आणि त्या मुदतीत सभागृहाला तो बदलता वा रद्द करता यावा, अशी एकसारखी तरतूद रूढ झाली. जुन्या अनेक कायद्यांत ती घालण्यासाठी संसदेने १९८३ साली स्वतंत्र अधिनियम केला. समितीच्या अहवालांचा उपयोगही झाला. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील २०११ च्या नियमांचेच पाहा. ते रद्द करावेत असा प्रस्ताव मे २०१२ मध्ये राज्यसभेत आला आणि फेटाळला गेला. पण लोकसभेच्या समितीने २०१३ च्या अहवालात त्यांतील संदिग्धतेवर बोट ठेवले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील एका नियमाचा अर्थ आखडून घेतला. न्यायालयाच्या आधी समितीला दोष दिसला होता, ही गोष्ट लहान नाही.

तरीही यंत्रणेचे दुबळेपण लपत नाही. समितीची शिफारस सरकारवर बंधनकारक नसते. नियम सभागृहापुढे ठेवला जातो तेव्हा तो बहुधा आधीच अमलात आलेला असतो. १९७९ साली ॲटलास सायकल प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की त्या कायद्याखालील आदेश संसदेपुढे ठेवला गेला नाही एवढ्यावरून तो निरर्थक ठरत नाही. नियम रद्द करावयाचा तर बहुमत हवे, आणि बहुमत ज्याने नियम केला त्याच्याच मागे असते. कायद्याला संमती मिळाल्यावर सहा महिन्यांत नियम व्हावेत असा दंडक आहे. नागरिकत्व दुरुस्ती अधिनियम डिसेंबर २०१९ मध्ये झाला आणि त्याचे नियम मार्च २०२४ मध्ये आले. कायद्याला अनुकूल असो वा प्रतिकूल, कोणत्याही नागरिकाने त्या विलंबाचे समर्थन करू नये.

सर्वांत मोठी उणीव वेगळीच आहे. आपल्या व्यवस्थेत लहान नियम आणि मोठा नियम यांत भेद नाही. एखाद्या अर्जाचा नमुना बदलणारी अधिसूचना आणि कोट्यवधींचे जीवन ढवळून काढणारी अधिसूचना कागदोपत्री एकाच जातीच्या. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या, त्या रिझर्व्ह बँक अधिनियमाखालील एका अधिसूचनेने. त्या धामधुमीत नव्या नोटांसाठी नाशिकरोडच्या छापखान्यातील कामगार राबले, देशभरचे बँकांतील कारकून राबले, पण संसदेचे मत कोणी विचारले नव्हते. आधी डिसेंबरात वटहुकूम निघाला आणि संसदेचा कायदा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाला, तोही घडून गेलेल्या गोष्टीवर. २०२३ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने ती अधिसूचना वैध ठरविली. भिन्न मत देणाऱ्या न्यायमूर्ती नागरत्ना यांचे म्हणणे, हे काम संसदेच्या कायद्याने व्हावयास हवे होते, असे होते. निर्णय बरोबर की चूक हा वाद बाजूला ठेवला, तरी १९४६ च्या जानेवारीत मध्यवर्ती विधानसभेपुढे असलेला प्रश्न सत्तर वर्षांनी तसाच उभा होता, हे विसरता येत नाही.

अमेरिकेने १९९६ साली या दिशेने एक पाऊल टाकले. अर्थव्यवस्थेवर वर्षाला १० कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक परिणाम करणारा नियम मोठा समजावयाचा, तो सामान्यतः ६० दिवस अमलात आणावयाचा नाही आणि त्या अवधीत काँग्रेसला तो संयुक्त ठरावाने रद्द करता यावा, अशी ती योजना आहे. २००१ साली कामाच्या जागी होणाऱ्या शारीरिक इजांविषयीचा एक नियम तेथे असा रद्दही झाला. त्या योजनेतही दोष आहेत. कामगारांच्या संरक्षणाचा नियमच तिचा पहिला बळी ठरला, ही गोष्ट सावध करणारी आहे. संसदेची देखरेख म्हणजे नेहमीच दुबळ्यांचे रक्षण, असे समीकरण मांडता येत नाही. परंतु मोठ्या नियमावर लोकप्रतिनिधींना उघड मत द्यावे लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते, एवढा लाभ तरी निश्चित आहे. आपल्याकडेही व्यापक परिणामाच्या नियमांचा मसुदा आधी सभागृहापुढे यावा, सभागृहाने होकार दिल्यावरच तो अमलात यावा आणि किरकोळ नियम आजच्याप्रमाणे समितीकडे जावेत, अशी विभागणी करावयास राज्यघटनेची आडकाठी नाही. आड येतो तो राज्यकर्त्यांचा सोयीचा मोह, मग ते कोणत्याही पक्षाचे असोत.

ही गोष्ट आज निकडीची झाली आहे. २०१९ आणि २०२० साली संसदेने २९ कामगार कायदे चार संहितांत गुंफले आणि त्यांतील असंख्य बाबी शासनाने विहित करावयाच्या म्हणून सोडून दिल्या. अंबडच्या कारखान्यात यंत्रापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाची सुरक्षितता आणि त्याच्या सोयी यांचा पुष्कळसा भाग संहितेत नव्हे, तिच्या नियमांत ठरावयाचा आहे. त्या नियमांचा एकेक शब्द कोणी तरी त्याच्या बाजूने वाचला पाहिजे. हे काम करण्यासाठी त्याने ज्यांना निवडून दिले, ते सभागृहात बसलेले आहेत. त्यांच्या हाती समिती आहे, प्रश्न विचारण्याचा हक्क आहे, नियम रद्द करण्याचा प्रस्ताव आहे. ही हत्यारे गंजत पडली असतील, तर दोष ती घडविणाऱ्याचा नाही.

मतदाराचाही वाटा यात आहे. गावात आलेल्या आमदाराला रस्ता कधी होणार, हे विचारले जाते. राजपत्रात आलेला नियम आपण वाचला काय, हे कोणी विचारीत नाही. शिक्षकांनी आपल्या सेवानियमांविषयी, कारकुनांनी आपल्या वेतननियमांविषयी, शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीच्या अधिसूचनेविषयी हा प्रश्न आपल्या प्रतिनिधीला विचारावयास लागावे. मावळंकरांनी संसदेला जी सवय लावली, ती टिकविण्याचा याहून साधा उपाय दुसरा नाही.